पतंगांची ओळख : अळी, कोष व आनुवंशिक पुरावा

उद्देश.— फुलपाखरे व पतंग यांचा पाठ घेताना आपला भर बहुधा पंखांच्या रंगांवर असतो. परंतु पतंगांचे करडे, मातकट पंख पुष्कळदा परस्परांसारखेच दिसतात. शिवाय पिकाची पाने खाते ती अळी, आणि तिला पंख नसतात. अळीची ओळख चुकली की शेतकऱ्याचा उपायही चुकतो. म्हणून अंडे, अळी, कोष व पतंग या चारही अवस्थांची साक्ष घेण्याची सवय विद्यार्थ्यांस लावावी.

अळीची साक्ष.— प्रथम पाय मोजावयास सांगावे. छातीशी खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात. त्यांच्यामागे मांसल आधारपाय असून त्यांच्या तळाशी सूक्ष्म आकडे असतात. लष्करी अळीस आधारपायांच्या पाच जोड्या असतात, तर सोयाबीनवरील हिरव्या उंटअळीस तीनच. म्हणून ती पाठीची कमान करून चालते. मोहरीवरील काळपट अळीस पाचांहून अधिक जोड्या असतात व त्यांना आकडे नसतात. ती पतंगाची अळी नव्हे. मधमाशी व गांधीलमाशी यांच्या गणातील एका माशीची ती होय.

कोषाची साक्ष.— कोषाच्या कवचावर भावी पतंगाची सोंड, मिशा, पाय व पंख यांचे ठसे स्पष्ट दिसतात. रताळ्याच्या वेलाखालील मातीत कधी कधी मोठा तपकिरी कोष सापडतो. त्याची सोंड कपाच्या कानासारखी बाहेर वळलेली असते. शेपटीवर शिंग असलेल्या अळीचा तो कोष होय; त्यातून अतिशय लांब सोंडेचा पतंग निघतो. अमेरिकेत १९१५ साली फ्रॅकर यांनी अळ्यांच्या, तर १९१६ साली एडना मोशर यांनी कोषांच्या लक्षणांवरून या गणाचे वर्गीकरण मांडले.

आनुवंशिक साक्ष.— अळीचा पतंग झाला तरी तिची जनुके तीच राहतात. २००३ साली कॅनडातील पॉल हेबर्ट व त्यांचे सहकारी यांनी एका ठराविक जनुकाच्या लहानशा तुकड्यावरून जाती ओळखण्याची पद्धती सुचविली. त्यामुळे अळी कोणत्या पतंगाची, हे तिला न वाढविताही ठरविता येऊ लागले.

मात्र एकाच साक्षीवर विसंबू नये. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात मक्यावर आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. तिच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी खूण असते आणि शेपटीकडील भागावर चौकोनात चार काळे ठिपके असतात. या जातीचे मका-प्रकार व भात-प्रकार असे दोन भेद असून ते बाह्यरूपावरून ओळखता येत नाहीत. भारतातील नमुन्यांत बहुधा एक जनुक भात-प्रकार सुचविते, तर दुसरे मका-प्रकार. अशा वेळी सर्व पुरावे एकत्र ठेवूनच निर्णय करावा लागतो.

प्रात्यक्षिक.— रुंद तोंडाच्या बरणीत चार बोटे ओलसर माती घालून तीत एक अळी ठेवावी व तोंडास पातळ फडके बांधावे. ज्या झाडावर अळी सापडली, त्याचीच ताजी पाने रोज द्यावी. केसाळ अळीस मुलांनी हात लावू नये. पायांची संख्या, खुणा, कात टाकल्याचा व कोष झाल्याचा दिवस यांची नोंद मुलांकडून ठेवावी. किडीचा पतंग निघाल्यास तो शेतात सोडू नये.

प्रश्न.— (१) उंटअळी कमान करून का चालते? (२) कोषावरून पतंगाविषयी काय सांगता येते? (३) पतंगाची ओळख पटविण्यास केवळ पंख का पुरत नाहीत?