मशीन चोरून हवा खातंय का? आउटबोर्डची तपासणी घरच्या घरी



१ जून ते ३१ जुलै हे बंदीचे ६१ दिवस. ट्रॉलर धक्क्याला, जाळी दुरुस्तीला, आणि बऱ्याच घरांत मागच्या पडवीत आउटबोर्ड मशीन गोणपाट घालून उभं. हा लेख त्या गोणपाटाखालच्या मशीनसाठी आहे. दर मोसमाच्या सुरुवातीला तीच तक्रार येते: "रेस दिली की मस्त चालतं हो, स्लो केलं की मरतं." यातल्या निम्म्याहून जास्त वेळा मालक कार्बोरेटर साफ करून घेतो, प्लग बदलतो, स्लोचा स्क्रू फिरवून आवाज जरा सुधारतो आणि दर्यावर जातो. खरं दुखणं तिथंच राहतं. मशीन कुठूनतरी चोरून हवा खात असतं.

हे किरकोळ वाटतं, पण स्लो कधी करावं लागतं ते आठवा. जाळं ओढताना, धक्क्याला लागताना आणि नदीच्या मुखाशी आत शिरताना. वाळूच्या पट्ट्यावर लाट फुटत असते, मागची लाट कधी येते ते बघून आपण रेस कमी-जास्त करतो. नेमकं तेव्हाच मशीन मेलं तर होडी आडवी होते. आपल्यातल्या एकाची अशीच आडवी झाली होती. माणसं पोहून आली, जाळं गेलं. नंतर मशीन उघडलं तर कार्बोरेटरच्या मागचं पॅकिंग एका कोपऱ्यात फाटलेलं निघालं. बांगड्याच्या एका वाट्याएवढी त्याची किंमत नाही.

आधी हे होतं कसं ते समजून घेऊ, म्हणजे शोधताना अंधारात चाचपडावं लागणार नाही.

आपल्याकडच्या छोट्या होड्यांवर अजून टू-स्ट्रोक मशीन पुष्कळ आहेत. त्यात पिस्टन वर गेला की खालच्या क्रँकच्या पेटीत ओढ तयार होते. त्या ओढीनं रीड व्हॉल्व्हच्या पातळ पाती उघडतात आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि तेल मिळून आत येतं. कार्बोरेटरचं काम मोजून देण्याचं. इतक्या हवेला इतकं पेट्रोल. आता कार्बोरेटरच्या पुढं, म्हणजे पॅकिंगमधून, रीडच्या प्लेटमधून किंवा क्रँकच्या सीलमधून बाहेरची हवा आत शिरली, तर ती कुणी मोजलेली नाही. मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण जास्त गरम जळतं. आणि टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातूनच जातं, त्यामुळं पिस्टनला तेलही कमी पोचतं. उष्णता वाढली, तेल घटलं. पिस्टन जाम व्हायला आणखी काय पाहिजे?

स्लोमध्ये कार्बोरेटरचं झाकण जवळजवळ बंद असतं, आत येणारी हवा थोडी असते, म्हणून त्यात चोरीची थोडीशी हवाही मोठी ठरते आणि मशीन अडखळतं. फुल रेसला तीच गळती लपून जाते. म्हणून दोष दिसतो स्लोला, पण नुकसान होतं फुल रेसच्या लांब पल्ल्यावर. "रेसला तर चांगलं चालतं" म्हणून निर्धास्त राहू नका.

लक्षणं अशी: स्लो एकसारखा राहत नाही, वर-खाली होतो. कधी हँडल सोडूनही रेस लगेच उतरत नाही. रेस देताना कार्बोरेटरमधून शिंक आल्यासारखा फट् आवाज. थंड असताना चोक अर्धा ओढला की बरं चालतं, चोक सोडला की मरतं. चोकनं सुधारतं याचा अर्थ मशीनला पेट्रोल कमी पडतंय, हे नक्की. आता ते कमी का पडतंय, हा पुढचा प्रश्न.

तिथं दोन वाटा फुटतात. एक, टाकीपासून मशीनपर्यंत पेट्रोलच नीट पोचत नाही. दोन, पेट्रोल पोचतंय पण हवा जास्त शिरतेय. बरेच जण इथंच चुकतात आणि चुकीच्या बाजूला दोन दिवस घालवतात. ओळखायला आपला रबरी फुगा पुरेसा आहे. मशीन स्लोला अडखळत असताना दुसऱ्याला फुगा हळूहळू दाबायला सांगा. दाबल्यावर मशीन उचललं तर दोष टाकी, पाईप, फुगा किंवा मशीनच्या पेट्रोलपंपाकडं. काहीच फरक पडला नाही तर बहुधा पॅकिंगच्या बाजूला.

फुगा आणखीही सांगतो. चालता चालता तो चपटा होऊन आत ओढला जात असेल तर मागून पेट्रोल येत नाही: टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिला, किंवा टाकीतली जाळी कचऱ्यानं भरली. आधी झाकण बघा. हसू नका, अनुभवी माणसांकडूनही हे होतं. फुगा कितीही दाबला तरी कडक होत नसेल, तर कुठंतरी हवा येतेय किंवा फुग्यातला वॉल्व गेला. फुग्यावरचा बाण मशीनकडं आहे ना तेही बघा. आणि कडक करून ठेवलेला फुगा दहा मिनिटांत पेट्रोल न सांडताही मऊ पडला, तर कार्बोरेटरची सुई नीट बसत नाही किंवा मागचा वॉल्व उलटं सोडतोय.

पेट्रोलच्या पाईपमधली हवेची गळती फसवी असते. मशीन चालू असताना टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा पाईप ओढीखाली असतो. त्यामुळं चीर असली तरी पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. कोरडा दिसतो म्हणून पाईप चांगला समजू नका. मशीनच्या बाजूला वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि बुडबुडे जातात का बघा. सुरुवातीचे दोन-चार चालतील, एकसारखी माळ लागली तर गळती आहे. सगळ्यात जास्त वेळा दोषी निघते ती जोडणीच्या कपलिंगमधली ओ-रिंग, आणि तिच्या खालोखाल फुग्याच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा. ती पारदर्शक नळी तपासून झाली की काढून टाका, ती दर्यावर न्यायची नाही.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या पद्धतीच्या रबराला ते मानवत नाही. पाईप एकतर ताठ होतो नाहीतर आतून सुटतो. शिवाय ते ओलावा ओढतं. बंदीच्या आधीचं पेट्रोल टाकीत तसंच ठेवून ऑगस्टला वापरू नका.

आता दुसरी वाट, म्हणजे पॅकिंगची बाजू. मशीन चालू करून बघायचं तर पिंपात पाणी पाहिजे. पंखा काढा, गिअर न्यूट्रलला, आणि पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर आलं पाहिजे. कोरडं मशीन "फक्त दोन सेकंद" चालवलं तरी पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर जळतो. चालू केल्यावर पाण्याची धार येते का ते आधी बघायचं. हे सगळं अंगणात, मोकळ्यावर. पडवीत किंवा शेडमध्ये दार लावून नाही, धुरातला वायू कळायच्या आत माणूस पाडतो. वरचं झाकण काढलेलं असतं, फ्लायव्हील उघडं फिरत असतं. लुंगी खोचा, गळ्यातली साखळी काढा, पोरांना लांब ठेवा.

काही मेस्त्री कार्बोरेटर स्प्रे मारून किंवा गॅस सोडून गळती शोधतात. मशीनचा आवाज बदलतो, गळती सापडते, खरं आहे. पण शेजारी ठिणगीच्या वायरी आणि पेट्रोल असतं. माझं मत स्पष्ट आहे: घरी हे करायचं नाही. स्प्रेच्या बाटलीत गोडं पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, एवढं पुरतं. मशीन गरम होऊन स्लोला लागलं की कार्बोरेटर आणि इंजिन जिथं जोडलंय त्या फटीवर थोडं थोडं पाणी मारा. एका वेळी बोटभर जागा, मग थांबा आणि ऐका. गळतीच्या जागी पाणी ओढलं जातं, फट क्षणभर बंद होते आणि आवाज बदलतो. कार्बोरेटरच्या तोंडात आणि प्लगच्या वायरींवर पाणी जाऊ द्यायचं नाही. पाण्यानं कळलं नाही तर टू-स्ट्रोकचंच तेल तेलकुपीनं फटीवर सोडा. तेल आत ओढलं गेलं तर आवाज सुधारतो आणि धूर वाढतो.

त्याआधी नुसते डोळेही कामाला येतात. क्रँकच्या पेटीत पिस्टन वर जाताना ओढ असते आणि खाली येताना दाब. म्हणून जिथून हवा आत जाते तिथूनच तेलकट मिश्रण बाहेरही फेकलं जातं. जोडाजवळ काळा, ओलसर डाग आणि त्यावर मिठाची खर चिकटलेली दिसली तर तिथं पहिला संशय.

दोन सिलिंडरचं मशीन असेल तर दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. चांगल्या प्लगचं टोक फिक्या चहाच्या रंगाचं. पांढरं पडलेलं म्हणजे पातळ मिश्रण. एकच पांढरा असेल तर त्याच सिलिंडरच्या बाजूला शोधा, दोन्ही पांढरे असतील तर बहुधा पेट्रोलच्या वाटेत. पांढऱ्या प्लगवर चकाकणारे बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. तिथं थांबा, मशीन पुन्हा चालू करू नका.

आता पॅकिंग बदलणं. बॅटरी असेल तर वायर काढा, पेट्रोलचा पाईप सोडवा, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल भांड्यात घ्या. मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा. स्लोचा स्क्रू फिरवण्याआधी तो किती फेऱ्यांवर होता ते लिहून ठेवा. खारट पाण्यानं बोल्ट धरलेले असतात. जोर करू नका, रात्रभर गंजनाशक तेल सोडून ठेवा. एक बोल्ट आत तुटला तर शंभर रुपयांचं काम हजारांत जातं.

जुनं पॅकिंग खरवडताना आतल्या भोकात फडकं कोंबा आणि लाकडाची किंवा प्लॅस्टिकची चीप वापरा. लोखंडी पेचकसानं ओरखडा पडला की तीच नवीन गळती. मग कार्बोरेटरच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडं बघा. मधून उजेड दिसला तर तोंड वाकलंय. बोल्ट जास्त आवळल्यानं दोन्ही कान पुढं वाकतात, हे फार आढळतं. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकड्यासारखं हळू घासलं की ते सरळ होतं. नंतर स्वच्छ धुवा, कण आत राहता कामा नये.

पॅकिंग ओरिजिनलच घ्या. काही मशीनमध्ये पॅकिंगला एक छोटं जादा भोक असतं. पेट्रोलपंपाला धक्का त्यातून मिळतो. उलटं बसवून ते भोक बुजवलं तर पेट्रोलच येणार नाही आणि तुम्ही नवीन दोष शोधत बसाल. जुनं पॅकिंग फेकण्याआधी नव्यावर ठेवून भोकं जुळवा. कार्बोरेटरमागं जाड फायबरचा ठोकळा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग लागतं. आणि सिलिकॉन लावायचं नाही! पेट्रोल लागलं की ते फुगतं, त्याचे तुकडे सुटून रीडच्या पातीत अडकतात. हात लावलाच आहे तर रीडची प्लेटही उजेडात धरून बघा. पातीचं टोक तुटलेलं किंवा उघडं राहिलेलं असेल तर ती बदला. बोल्ट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. अॅल्युमिनियमच्या आट्या आहेत, हाताची ताकद दाखवायची जागा नव्हे.

सगळं करूनही मशीन तसंच राहिलं, आणि फ्लायव्हीलच्या खाली तेलाचा ओलावा दिसला, तर वरचं क्रँक सील गेलं असेल. खालचं सील तर बाहेरून दिसतही नाही. हे काम मेस्त्रीकडं. पुलर नसताना हातोड्यानं फ्लायव्हील काढायला जाऊ नका, क्रँक आणि चुंबक दोन्ही जातात. मेस्त्रीला क्रँकची पेटी दाबाखाली तपासायला सांगा, नुसतं "कार्बोरेटर साफ करा" सांगू नका.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात: तुमच्या मशीनमध्ये ही पॅकिंगची ओढ नसते, पण टाकीपासून फीडपंपापर्यंतच्या पाईपमधून हवा तशीच शिरते. मशीन रेसला दम टाकतं, मग बंद पडतं. फिल्टरच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर नवीन घाला, क्लिपा आवळा, मग फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे संपून निव्वळ डिझेल आलं की स्क्रू बंद. त्यानंतर इंजेक्शन पंपाचा तसाच. इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरायचा नाही, तो कातडीतून आत घुसतो.

दुरुस्तीनंतर स्लोचा स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा आणि पहिली फेरी खाडीतच मारा, वल्ही आणि नांगर होडीत ठेवून. अर्धा तास चालवा, स्लोला दहा मिनिटं ठेवा, परत येऊन प्लग काढून रंग बघा. पांढरा असेल तर मुखाबाहेर जायचं नाही, परत पिंपाकडं.