रागाच्या मुळाशी

मंचरच्या बाजारात कांद्याचा भाव पडला की आप्पा घरी येऊन माझ्या पुस्तकांवर घसरतात, "शिकून काय दिवे लावणार?" मी ताट सारून उठत असे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी प्रसारलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती सांगते : केवळ घटनेने भावना उत्पन्न होत नाही; मध्ये आपला विचार असतो. माझा विचार होता, 'आप्पांनी असे बोलताच कामा नये.' त्यातील 'च' हट्टाचा. 'न बोलतील तर बरे,' असे मी रोज घोकू लागलो.

परवा वाईट वाटलेच. पण ताट सारले नाही. विचारले, "आप्पा, आज काय भाव मिळाला?" ते बराच वेळ बोलत राहिले. मित्रहो, सवय एका दिवसात सुटत नाही. पण सुटू लागते.