ह्याची टोपी त्याला

पुनावळ्यातला कॉन्ट्रॅक्टर सहसा पळून जात नाही. तो शेजारच्या टॉवरमध्ये गेलेला असतो. आमचाही तिथेच होता. फोन उचलत नसे, आणि उचललाच तर, "ताई, कारागीर गावाला गेलेत, सोमवारी माणसं लावतो." असे सोमवार येत-जात राहिले. किचनचे सांगाडे उभे, पण दारं नाहीत; एका बाथरूमला टाइल्स लागलेल्या, दुसरं तोडून ठेवलेलं. ठरलेल्या रकमेतला मोठा भाग मात्र त्याच्याकडे पोचला होता.

माणूस लबाड होता का, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. माझ्या मते तो लबाड कमी आणि अडकलेला जास्त होता. पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, हिंजवडी वाढली तसे शेतांच्या जागी टॉवर आले. एका टॉवरचं पझेशन सुरू झालं की मजलेच्या मजले एकदम फर्निचरला निघतात. कॉन्ट्रॅक्टर आलेलं प्रत्येक काम घेतो, कारण प्रत्येक कामाबरोबर अॅडव्हान्स येतो, आणि त्या अॅडव्हान्समधून आधीच्या घराचं राहिलेलं प्लाय, हार्डवेअर, सुताराची मजुरी भागते. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. नवं काम यायचं थांबलं की शेवटच्या माणसाचं डोकं उघडं पडतं. त्या फेरीत ते आमचं होतं.

म्हणूनच 'आधीचं काम बघून ठरवा' हा सल्ला मला अपुरा वाटतो. आम्ही बघितलं होतं. आमच्याच सोसायटीतलं, देखणं, वेळेत झालेलं. पूर्ण झालेलं घर त्या माणसाची कारागिरी सांगतं, व्यवहार सांगत नाही. त्याची अर्धवट, चालू असलेली कामं बघायला मागा. तिथल्या घरमालकाशी बोला. आणि जमलं तर सुताराला चहा देताना विचारा, मजुरी वेळेवर मिळते का. आमच्या सुताराचे पैसे कधीपासून थकले होते, हे नंतर त्यानेच सांगितलं.

पैशांचं वेळापत्रक तारखांना बांधू नका, झालेल्या कामाला बांधा. 'काम सुरू होताना निम्मे' ही अट आली की तिथेच थांबा. माल घरात आल्यावर मालाचे पैसे, तेही शक्यतो थेट दुकानदाराला आणि बिल आपल्या नावाने. सांगाडे उभे राहिल्यावर एक हप्ता, दारं-ट्रॉली बसल्यावर दुसरा, आणि शेवटचे दहा टक्के सगळं संपून महिनाभर वापरल्यावर. कबूल होणारे कॉन्ट्रॅक्टर असतात. जो होत नाही, त्याला आपल्या पैशांची कुठेतरी दुसरीकडे गरज आहे असं समजावं. शिवाय सोसायटीच्या गेटवर लिहून द्यायचं, की आमच्या फ्लॅटमधला कोणताही माल आमच्या सहीच्या गेटपासशिवाय बाहेर जाणार नाही. आमची चॅनेल आणि बिजागऱ्यांची खोकी अशीच 'बदलून आणतो' म्हणून गेली.

कोटेशनमध्ये 'उत्तम प्रतीचं प्लाय' असं असेल तर ते कोटेशन नाही. प्लायवर छापलेला आकडा लिहून घ्या: आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराचं प्लाय, आयएस ७१० हे मरीन. सिंकखालचा कप्पा मरीनचाच हवा. आम्हाला नमुना ७१०चा दाखवला आणि बसवलं साधं. सनमायका चिकटवल्यावर शिक्का दिसत नाही, म्हणून प्लायचे तक्ते घरात उतरतील त्या दिवशीच प्रत्येकाचा फोटो काढायचा. जाडी मिलिमीटरमध्ये, बिजागरीची कंपनी, वायर किती चौरस मिलिमीटरची, सगळं त्याच कागदावर.

खरा मनस्ताप बाथरूमने दिला. जुन्या टाइल्स काढताना खालचं वॉटरप्रूफिंग दुखावतं, ते नव्याने करावं लागतं. ते झाल्यावर आणि टाइल्स बसवण्याच्या आधी ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी साठवायचं, किमान चोवीस तास, जमल्यास अठ्ठेचाळीस, आणि खालच्या घराचं छत बघून यायचं. आमच्याकडे हे केलंच नाही. "टँकरचं पाणी आहे ताई, सोसायटी ओरडेल," असं कारण मिळालं. पाच बाय आठ फुटांच्या बाथरूममध्ये दोन इंच पाणी साठवायला दोनशे लिटरसुद्धा लागत नाहीत. पुढे खालच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला ओल आली, आणि नवी कोरी फरशी पुन्हा फोडावी लागली. काकूंनी एका शब्दानेही भांडण केलं नाही, याचंच जास्त ओझं वाटत राहिलं.

इथेच एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रेरा कायद्याच्या कलम १४(३)नुसार बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते. घर त्या मुदतीत असेल आणि गळत असेल, तर आधी बिल्डरला लेखी कळवा. तुम्ही स्वतः फरशी फोडलीत की तो हात वर करायला मोकळा. इंटिरियरवाल्याची तक्रार मात्र महारेराकडे चालत नाही.

किचन आणि ड्राय बाल्कनीमधली भिंत काढून देतो, असंही त्याने सुचवलं होतं. ते सोसायटीच्या कमिटीने रोखलं, आणि मी त्यांची कायमची ऋणी आहे. इकडचे बरेच नवे टॉवर मायवान तंत्राचे, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटचे आहेत. तिथे साधी दिसणारी भिंतही इमारतीचा भार पेलत असू शकते. घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ला कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. भिंतीला ब्रेकर लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र हवं, कॉन्ट्रॅक्टरचा शब्द नव्हे.

आता काम फसलंच असेल तर. पहिलं, पुढचा पैसा बंद. 'एवढे द्या, उद्या माणसं पाठवतो' हा सगळ्यात महाग फोन असतो. दुसरं, त्याला हाकलण्याआधी घराची नोंद करा: प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, आणि एखाद्या त्रयस्थ इंजिनिअरकडून झालेल्या व राहिलेल्या कामाचं सहीचं मूल्यमापन. नवा माणूस आत आला की जुन्याने काय केलं होतं हे सिद्ध करणं जवळपास अशक्य. मग मुदत देऊन लेखी नोटीस, पोच मिळेल अशी. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका आणि तो फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ते पुराव्यात देता येतं.

पोलीस ठाण्यात बहुतेकदा 'हा दिवाणी मामला आहे' असं ऐकावं लागतं, आणि सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दाखवता येत नसेल तर ते चुकीचंही नसतं. ग्राहक आयोगाचा रस्ता जास्त उपयोगी. माल आणि मजुरीसह घेतलेलं काम ही सेवा आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथे दावा लावता येतो, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर गावी निघून गेला तरी आपल्याला पुण्यातच तक्रार करता येते. रोख दिलेल्या पैशांची सही मात्र हवी. आमच्या काही रकमांची नव्हती, त्या आकड्यावर आम्हाला पाणी सोडावं लागलं.

नोटीस मिळाल्यावर तो आला, तडजोड झाली, त्याने पुढच्या तारखेचा चेक दिला. असा चेक तारखेपासून तीन महिन्यांत भरायचा. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम १३८खाली फिर्याद. आमचा वटला. उरलेलं किचन त्याच सुताराने पुरं केलं, रोजच्या मजुरीवर, रोज संध्याकाळी हिशोब करून.