नावाला कंस

दशक्रिया उरकून पाव्हणे पांगले. पणदऱ्यातल्या त्या घराच्या ओसरीवर आता दोघंच उरले होते : निवृत्त तलाठी अण्णा आणि वडील गेलेला त्यांचा पुतण्या. पुढ्यात गेलेल्या वडिलांची, दादांची, पत्र्याची पेटी.

पुतण्या : अण्णा, आधी काय करायचं?

अण्णा : मृत्यूची नोंद, 21 दिवसांच्या आत. दादा बारामतीत दवाखान्यात गेले, म्हणून नोंद तिथल्या नगरपरिषदेत. घरी गेले असते तर आपल्या ग्रामपंचायतीत झाली असती. दाखल्यावरचं नाव आधारशी, सातबाऱ्याशी अक्षर न् अक्षर जुळव. एका काना-मात्रेपायी माणसं वर्षवर्ष हेलपाटे घालतात.

पुतण्या : आणि जमीन?

अण्णा : वारसाची खबर तीन महिन्यांत द्यायची. तलाठ्याकडं अर्ज दे, नाहीतर ई-हक्कवर भर. वारस नोंदवहीत नावं चढतात, फेरफार पडतो, नोटीस निघते. हरकत नसली की मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. मग हे बघ, सातबाऱ्यावर इथं दादांच्या नावाला कंस होईल आणि खाली तुमची नावं येतील.

पुतण्या : आईचं आणि माझं.

अण्णा : आणि ताईचं.

पुतण्या : तिला सासरी आहे की जमीन. ती हक्कसोड देईल.

अण्णा : दिली तर स्वतःच्या मनानं देईल, दुय्यम निबंधकांपुढं, नोंदणी केलेल्या दस्तानं. वारस म्हणून आज तिचं नाव सांगावंच लागतं. 1956 च्या कायद्यानं मुलगा, मुलगी, बायको, आई सगळे पहिल्या वर्गाचे वारस. 2005 पासून वडिलार्जितातही मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क. लेकींची नावं गाळलेली प्रतिज्ञापत्रं मी नोकरीत पाहिलीत. पुढं प्रांताकडं अपील, मग दिवाणी कोर्ट, आणि भाऊबीज कायमची बंद.

पुतण्या : पण बँकेत, कारखान्यात नॉमिनी मीच आहे.

अण्णा : माळेगाव कारखान्याचा शेअर तुझ्या नावावर चढेल, बँक पैसे तुझ्या हातात देईल. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ते सगळ्या वारसांचे. सोसायटीचं पीककर्ज किती थकलंय तेही विचार. आणि पासबुकात 436 रुपये कापलेले दिसतात का बघ. असले तर जीवनज्योतीचा दोन लाखांचा विमा आहे, तो दावा लगेच टाक.

पुतण्या : एवढी घाई?

अण्णा : मेलेल्यांच्या नावावर जमिनी तशाच पडून होत्या, म्हणून 2025 मध्ये सरकारला ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली. तू मोहिमेची वाट बघू नको. ताईला आत्ताच फोन लाव, आधार घेऊन यायला सांग.