भूक गेली, तरी हात डब्याकडे का जातो?

आधी मला एक सांग, ते वजन उतरवायच्या इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये नेमकं कुठे ठेवलंयस? फ्रीजरला चिकटून नाही ना? बघ, ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. गोठलं तर सरळ टाकून द्यावं लागतं, आणि त्या किमतीचं पेन टाकताना तुझ्या डोळ्यांत पाणी येईल. मधल्या कप्प्यात ठेव, खोक्यासकट. सासूबाईंना दिसेल म्हणून कोथिंबिरीच्या डब्यामागे लपवू नकोस. दिसू दे. त्यांनी विचारलं तर ‘डॉक्टरांनी दिलंय’ एवढं सांग. त्यांच्या बीपीच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर राजरोस पडलेल्या असतात, त्यांचं कुणाला काही वाटतं का?

हे लपवणं कुठून येतं ते मला ठाऊक आहे गं. ‘तोंडावर ताबा नाही, म्हणून आता सुया टोचून घेते’ असं कुणीतरी बोलेल, ही धास्ती. पण भूक ही काही नुसती स्वभावाची गोष्ट नाही. जेवण आतड्यात पोचलं की तिथून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं आणि मेंदूला कळवतं की आता पुरे. आपल्या अंगातलं हे हार्मोन काही मिनिटांत विरून जातं. औषधातलं त्याच्यासारखंच वागतं, पण आठवडाभर टिकतं. म्हणून पोट सावकाश रिकामं होतं आणि डोक्यातली ‘आता काय खाऊ’ची टकळी शांत होते. तुला दिलेल्या मौन्जारोत, म्हणजे तिर्झेपॅटाइडमध्ये, जोडीला आणखी एका हार्मोनचं काम आहे. ते आपल्याकडे २०२५च्या मार्चमध्ये आलं, सेमाग्लुटाइडचं वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये. तेव्हापासून प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी कोपऱ्यात ओढून विचारतं, ‘तू ते घेतेस का गं?’

आता आकडे ऐकून घे, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. तुझ्या औषधाच्या भावंडाच्या, म्हणजे सेमाग्लुटाइडच्या, २०२१ साली छापून आलेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी जवळपास १५ टक्के वजन उतरलं. ८० किलोच्या बाईचे साधारण १२ किलो, आणि तेही सव्वा वर्षात, जोडीला खाण्याचा आणि चालण्याचा सल्ला घेऊन. त्यातल्याच काही जणांचं औषध थांबवल्यावर पुढच्या वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश परत आलं. त्यामुळे ‘दिवाळीपर्यंत घेते, मग बंद’ हा तुझा बेत डॉक्टरांशी बोलून आत्ताच दुरुस्त कर. किती दिवस घ्यायचं, महिन्याचा खर्च किती, थांबवायचं तर कसं, हे पहिल्या डोसआधी विचारायचे प्रश्न आहेत.

पण फोनवर तू जे कुजबुजत विचारलंस, त्याचं उत्तर या आकड्यांत नाही. ‘ताई, भूकच लागली नाही तर माझं रात्रीचं खाणं आपोआप सुटेल ना?’

खरं सांगू का, मलाही तसंच वाटलं होतं. औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे मी हवेत होते. ऑफिसात वाढदिवसाचा केक नाकासमोरून जायचा आणि मी ढिम्म. मग एक रात्र आली. मुलाच्या मार्कांवरून नवऱ्याशी चांगलीच वाजली, सगळे आपापल्या खोलीत गेले. मी ओटा पुसला, पुसलेला परत पुसला, आणि चिवड्याचा डबा खाली काढला. स्टीलचं झाकण वाजू नये म्हणून एका बाजूला अंगठा दाबून दुसरीकडून हळूच उचलायचं, ही कला माझ्या हातात इतकी वर्षं आहे की त्याला डोक्याची परवानगी लागत नाही. मूठ भरली, आणि पोट म्हणालं, नको. तीळभर जागा नव्हती. मुठीत डाळं आणि शेंगदाणे, आणि मला रडूच फुटलं. रोज चिवड्याबरोबर गिळला जाणारा राग त्या रात्री तसाच्या तसा समोर उभा होता, आणि त्याचं काय करायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. (शहाणपणा बघ माझा, मी तो चिवडा मुठीतच ठेवून बेडरूममध्ये गेले. सकाळी उशीखाली कढीपत्ता सापडला.)

तेवढं तू आधीच जाणून असावंस म्हणून हे सगळं सांगतेय. औषध पोटाची भूक उतरवतं. दिवसभर गिळलेल्या बोलण्यातून जी भूक तयार होते, तिच्यापर्यंत ते पोचेलच असं नाही. जपानमधल्या गिफू भागात मधुमेहाच्या ९२ रुग्णांना या गटातली औषधं सुरू केल्यावर वर्षभर पाहिलं होतं. समोर दिसलं, वास आला म्हणून खाणाऱ्यांना चांगला गुण आला. मन जड झालं म्हणून खाणाऱ्यांचं ते खाणं आधी कमी झालं आणि वर्ष सरेपर्यंत बऱ्यापैकी होतं तिथे परत आलं. अभ्यास छोटा आहे, त्यावरून कायमचा निकाल लावू नये. पण मला तो वाचून जरा बरंच वाटलं. म्हणजे डब्याशी झटापट करणारी मी एकटी नव्हते.

मग औषध वाया का? छे गं. उलट पोट गप्प असतं, तेव्हाच मनाची मागणी वेगळी ओळखू येते. ओळखायची कशी? रात्री काही खावंसं वाटलं की स्वतःला विचार, आत्ता गार पोळी आणि दोडक्याची भाजी दिली तर खाशील? खाशील, तर ती भूक आहे, बस आणि नीट वाढून घेऊन खा. ‘दोडकं नको, शेवच हवी’ असं उत्तर आलं, तर जेवण झाल्यापासून आत्तापर्यंत काय घडलं ते आठव. कुणाचा फोन आला? कोण काय बोललं?

तुझं तर मी फोनवरच ओळखलं. रात्री अकराला सगळे झोपल्यावर तू श्रीखंडाचा डबा घेऊन बसतेस, कारण अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ कुणी ‘आई, माझे सॉक्स’ म्हणत नाही. त्या वेळी नुसती खुर्चीत बसलीस तर तुझी तुलाच लाज वाटते. हातात वाटी असली की बसायला कारण मिळतं. तो निवांत वेळ तुझ्या हक्काचा आहे, तो सोडू नकोस. फक्त अलीकडे ओढ. साडेनऊला दार लावून घे. सकाळच्या डब्याची भाजी नवऱ्याला चिरू दे. जाडी-बारीक चिरेल, चिरू दे. तू स्वयंपाकघरात डोकावायचं नाही, आणि हेच तुला सगळ्यात जड जाणार आहे. त्या वेळात गाणी ऐक, बहिणीशी बोल, छताकडे बघत पड. हे पहिल्या इंजेक्शनच्या आधी सुरू कर. नाहीतर श्रीखंड जाईल आणि त्या जागी ऑनलाइन कुर्ते येतील, मी त्याही वाटेने जाऊन आलेय.

आणि एखाद्या रात्री खाल्लंसच, तर खाल्लंस. पुढे ‘आता मोडलंच आहे तर’ सुरू करू नकोस. १९७५ साली अमेरिकेत हर्मन आणि मॅक या दोघांनी गमतीशीर प्रयोग केला. काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आइस्क्रीम समोर ठेवलं, चव सांगा म्हणून. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत डाएटवर असणाऱ्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम जास्त खाल्लं! चुकून दाणा तोंडात गेला आणि उपास मोडला, म्हणून दुपारी पुरणपोळीवर ताव मारणाऱ्या आपल्या बायका त्यांनी पाहिल्या असत्या, तर प्रयोगाचा खर्च वाचला असता. स्वतःला जितकं कडक बांधशील, तितकं सुटताना जोरात सुटशील. म्हणून घरातला चिवडा फेकून देऊ नकोस. वाटीत घे, खुर्चीत बस, दिवा लावून खा.

उष्ट्याचं मात्र आजपासून बंद. पोरांच्या ताटातली अर्धी पोळी ‘वाया जाईल’ म्हणून तोंडात टाकायची ही तुझी-माझी खोड या औषधावर अंगाशी येते. पोट भरल्यावर वर चार घास गेले की मळमळ, उलटी ठरलेली. पोरांना मुळातच कमी वाढ. स्वतःच्या ताटात आधी उसळ, दही, अंडं, मासळी, पनीर यातलं काहीतरी संपव, मग भात, कारण वजनाबरोबर स्नायूही झिजतात. पाणी पी, बद्धकोष्ठता फार छळते. डोस वाढेल त्या आठवड्यात संकष्टी आली तर दिवसभर रिकामं पोट आणि चंद्रोदयानंतर तळणीचं ताट, हे करू नकोस. गणपती समजून घेईल. मावशी घेणार नाही, तिला ‘डॉक्टरांनी मना केलंय’ सांग.

डॉक्टरांपासून काही लपवू नकोस. थायरॉइडची साधी गोळी चालू आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, पण घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कॅन्सर झाला असेल, स्वादुपिंडाचा किंवा पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास असेल, तर आधी सांग. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर तेही. तुझ्या औषधाने त्यांचा असर कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीचे आणि प्रत्येक डोस वाढल्यानंतरचे ४ आठवडे दुसरी काळजी घ्यावी लागते. आणखी एका बाळाचा विचार असेल तर हे कधी थांबवायचं ते विचार. पोटात वरच्या बाजूला असह्य कळ येऊन पाठीकडे गेली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. आणि जिममधला कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्वस्तात देतो’ म्हणाला, तर त्याला ब्लॉक कर. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२४ मध्ये इशारा दिला होता.

एक जरा नाजूक आहे, पण विचारते. आठवड्यातून एकदा तरी, महिनोन्‌महिने, थांबताच येत नाही असं भराभर आणि लपून खाणं होतं का? नंतर स्वतःची किळस येते का, कधी उलटी काढावीशी वाटते का? तसं असेल तर तो आळस नाही की हावरटपणा नाही. त्याला आजार म्हणून नाव आहे, उपचार आहेत, आणि ते इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना माहीत असायलाच हवं. समोरासमोर बोलायला जीभ रेटत नसेल तर १४४१६ लाव, सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

बाकी तू हे निभावशील. दोन पोरं, नोकरी, सासऱ्यांचं ऑपरेशन हे सगळं एका वर्षात ओढलंयस, आठवड्याची एक सुई काय घेऊन बसलीस! वार तेवढा शुक्रवार ठेव. मळमळलं तर शनिवारी पडून राहता येईल, सोमवारच्या मीटिंगमध्ये तोंडाला रुमाल लावून बसायला नको. शनिवारी दुपारी माझ्याकडे ये, मऊ मुगाची खिचडी करते. अर्धी वाटीच वाढीन, आग्रह करणार नाही. तूप मात्र मीच घालणार.