रेझिस्टरची उष्णता जाते कोठे?

मोटारीच्या विजेच्या दुरुस्तीत रेझिस्टर बदलताना ओहम जुळले म्हणजे काम फत्ते झाले, ही समजूत कारागिरांत आणि मोटारमालकांतही इतकी रूढ आहे की, त्याच रेझिस्टरच्या अंगावर छापलेला वॅटचा आकडा वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आणि या हयगयीचा जो परिणाम मी प्रत्यक्ष पाहिला, तो इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे नमूद करीत आहे.

माझ्या गाडीच्या मागच्या इंडिकेटरांत 21 वॅटच्या जुन्या दिव्यांऐवजी एलईडी दिवे बसविल्यावर, त्यांतून वाहणारा प्रवाह अत्यल्प असल्यामुळे, दिवा गेल्याचा समज होऊन फ्लॅशर भराभर टकटकू लागला. त्यावर प्रचलित तोड म्हणून कारागिराने प्रत्येक दिव्याला समांतर असा 6 ओहमचा, 50 वॅटचा, सोनेरी अ‍ॅल्युमिनियम कवचाचा रेझिस्टर जोडला आणि तो प्लास्टिकच्या पट्टीने तारांच्या जुडग्यालाच आवळून टाकला. फ्लॅशर पूर्ववत झाला. तक्रारीस जागा उरली नाही. पुढे घाटात वाहतूक खोळंबली असता चारही इंडिकेटर बराच वेळ चालू ठेवावे लागले, तेव्हा डिकीतून करपल्याचा वास येऊ लागला. अस्तर काढून पाहतो तो पट्टी वितळलेली, शेजारच्या दोन तारांचे वेष्टन मऊ होऊन एकमेकांस चिकटलेले, आणि एके ठिकाणी उघडे पडलेले तांबे गाडीच्या पत्र्यापासून जेमतेम बोटभर दूर!

रेझिस्टर मात्र निर्दोष होता. व्होल्टेजच्या वर्गाला ओहमांनी भागले की वॅट मिळतात. इंजिन चालू असता 14 व्होल्ट धरले तर 6 ओहमांत सुमारे 33 वॅट, आणि उघडझापीमुळे सरासरी त्याच्या निम्मे. परंतु 50 वॅट ही मर्यादा ते कवच धातूच्या ऐसपैस पृष्ठभागावर घट्ट बसविले असेल तरच खरी. हवेत लोंबत ठेवल्यास ती निम्म्याहूनही खाली येते. ब्रेकच्या दिव्याला हाच रेझिस्टर लावला तर पेडल दाबलेले असेतोवर उसंत अशी नाहीच. शिवाय बॅटरी 12 व्होल्टची म्हणून त्यावरच हिशेब मांडणाऱ्याने ध्यानात घ्यावे की, 14.4 व्होल्टांवर तीच उष्णता 44 टक्क्यांनी वाढते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, हिशेबाने येतील त्याच्या निदान दुप्पट वॅटचा रेझिस्टर घ्यावा, तो रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर स्क्रूने बसवावा, आणि तारा, बंपर व अस्तर यांपासून दूर ठेवावा. त्याहून उत्तम म्हणजे एलईडीसाठीच बनविलेला फ्लॅशर बसविणे. मग रेझिस्टरची गरजच उरत नाही.

ब्लोअरच्या रेझिस्टरबाबत तर अधिकच दक्षता हवी. तो हवेच्या मार्गात बसविलेला असतो, कारण ब्लोअरचाच वारा त्याला थंड ठेवतो. फिल्टर धुळीने तुंबला किंवा मोटर जड फिरू लागली की तो तापतो, त्याच्यावरील उष्णतेचा फ्यूज वितळतो, आणि केवळ सर्वांत वेगवान गती शिल्लक राहते. अशा वेळी तो फ्यूज तारेने जोडून देण्याची तजवीज कोणी सुचविल्यास साफ नकार द्यावा. आधी फिल्टर बदलावा, पंखा हाताने सहज फिरतो याची खातरजमा करावी, आणि मगच फ्यूजसह नवा रेझिस्टर बसवून घ्यावा.