आगीशी झुंजणाऱ्यांचे वेतन

हंगामाच्या दिवसांत आमच्या बिद्री परिसरात उसाचा फड पेटल्याची हाक आली, की लहानथोर सारे बांधाकडे धावतात व बंबाची वाट पाहत उभे राहतात. अशाच एका प्रसंगानंतर वर्गातील एका मुलाने आम्हांस विचारिले, "सर, बंबावरच्या माणसाला पगार किती मिळतो?" काही मुले हसली; आम्हांस मात्र तो प्रश्न हसण्याजोगा वाटला नाही. ज्या कामात जीव जोखमीत घालावा लागतो, त्याचे मोल समाज कसे ठरवितो, हे जाणणे अगत्याचे आहे.

प्रथम आकडाच सांगू. मुंबई महानगरपालिकेने २०२२-२३ साली अग्निशामकांच्या ९१० जागा भरावयास काढिल्या, तेव्हा जाहीर केलेली वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये होती. पहिला आकडा आरंभीच्या मासिक मूळ वेतनाचा, दुसरा श्रेणीच्या शेवटच्या पायरीचा. प्रतिवर्षी शेकडा सुमारे ३ वाढ मिळते. म्हणजे २१,७०० चे पुढे २२,४०० होतात. यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता निराळा. घरभाड्यासाठी शहरांचे तीन वर्ग केलेले आहेत. मुंबई पहिल्यात, कोल्हापूर दुसऱ्यात आणि लहान गावे तिसऱ्यात मोडतात.

मग सर्वत्र वेतन सारखे का नसते? पहिले कारण, धनी निराळा असतो. १९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हा विषय नगरसंस्थांकडे सोपविण्याजोग्या कामांच्या यादीत घातला. सधन महानगरपालिका जेवढी माणसे व साधने बाळगू शकते, तेवढी लहान नगरपरिषद बाळगू शकत नाही. ग्रामपंचायतीस तर स्वतःचा बंब ठेवणे सहसा परवडतच नाही. शेजारच्या नगरपरिषदेवर किंवा साखर कारखान्यावर तिची भिस्त. सहकारी साखर कारखान्यांतील कामगारांचे वेतन तर सरकार, कारखाने व कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय करारावरून ठरते.

दुसरे कारण हुद्दा व शिक्षण. अग्निशामकाच्या वर उपअधिकारी, केंद्र अधिकारी, आणि शिखरावर मुख्य अग्निशमन अधिकारी अशा पायऱ्या आहेत. त्या चढावयाच्या तर विशेष शिक्षण हवे. १९५६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसरे कारण नोकरीचा प्रकार. कायम नेमणुकीच्या माणसास वाढ व भत्ते हक्काने मिळतात. कंत्राटी माणूस त्याच बंबावर चढतो, त्याच धुरात शिरतो. परंतु त्याच्या हाती पडते ती करारात ठरलेली रक्कम, आणि पुढील वर्षी काम राहील की नाही याची चिंता.

ही सारी कारणे पाहिली म्हणजे एक गोष्ट मनात सलते. किती आगी विझविल्या, किती जीव वाचविले, याचा वेतनाच्या श्रेणीत हिशेब नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठींबरोबर स्फोटके होती. आग विझविताना स्फोट होऊन अग्निशमन दलाचे ६६ जण कामी आले; त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या आगीत चार वरिष्ठ अधिकाऱ्यांनी प्राण गमाविले. त्यांत मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर हेही होते. हुद्दा वाढला म्हणून आगीचे अंतर वाढत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळू लागले, तेव्हा सारे शहर हळहळत बाहेर उभे होते, आणि ज्वाळांसमोर पाण्याची नळी धरून होती ती हीच माणसे.

पालकांस आमची विनंती, की मुलाने वा मुलीने ही वाट धरू म्हटले तर हिणवू नये. परंतु नेमणूक कायम की कंत्राटी, पुढे शिक्षणाची सोय कोणती, हे आधी विचारून घ्यावे. आणि त्या मुलास आमचे उत्तर एवढेच: बाळ, बंबावरच्या माणसाचा पगार आपण भरलेल्या करांतून निघतो. तो पुरेसा आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच आपणा सर्वांचा आहे.